वरातीतला काळा धूर

आमचा बँड ट्रकवर असतो, आणि त्या ट्रकचं इंजिन मी सांभाळतो. गाणाऱ्यांना टाळ्या मिळतात, कीबोर्डवाल्याला शिट्ट्या मिळतात. मला मिळतात शिव्या, त्याही ट्रक बंद पडला तरच. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. बायकोचं म्हणणं, "तू सगळंच तक्रार म्हणून सांगतोस." आमच्या घरच्या बोलीत नवऱ्याला अहो-जाहो नसतं, सरळ तू असतं, आणि भांडणाला ते फार सोयीचं पडतं.

नवापूरच्या या अंगाला, गुजरातच्या हद्दीला टेकलेल्या डोंगरांत, लग्न म्हणजे नाच. हिंदू घर असो की आमच्यासारखं ख्रिस्ती, नाचाशिवाय नवरी दारातून हलत नाही. ट्रकवर लोखंडी सांगाडा, त्यावर स्पीकरच्या पेट्या रचलेल्या, वर वाजवणारे आणि गाणारे. ट्रक माणसाच्या चालीनं सरकतो आणि त्याच्यामागे म्हाताऱ्या-कोताऱ्यांसकट सगळं गाव हातात हात गुंफून, रांगा धरून नाचतं. दोन शेतांएवढं अंतर कापायला अर्धा दिवस गेला तरी कुणाला घाई नसते.

आता ट्रकला असं गोगलगाईसारखं चालायची सवय नसते. त्यात आमच्या ट्रकला दुहेरी काम. दुसरे बँडवाले विजेसाठी वेगळा जनरेटर बसवतात. आम्ही तो नाही बसवला. धाकटा भाऊ आणि मी, आम्ही दोघांनी मिळून जुन्या छोट्या ट्रकमध्ये मोठ्या गाडीचं इंजिन उतरवलं आणि त्याच इंजिनावर पट्टा टाकून मोठा डायनामो बसवला. म्हणजे तेच इंजिन ट्रकही ओढणार आणि तेच गाणंही वाजवणार. लोक म्हणाले, येडे आहेत. आम्ही येडे होतोच, पण ट्रक वाजला!

डायनामो बसवला तिथं आधी एअर फिल्टरचा डबा होता. तो डबा केबिनच्या मागे नेला आणि क्लिनरच्या बाजूनं एक पाइप वर काढला. पाइपाच्या डोक्यावर पाऊस-पाचोळा जाऊ नये म्हणून लोखंडी टोपी. टोपीच्या कडेखाली फट ठेवलेली, तिथून हवा आत शिरते. इंजिनाचं नाकच म्हणा ते. मुलगी तेव्हा शाळेत होती. तिनं रंगाचा डबा घेतला आणि त्या टोपीवर दोन डोळे काढले, त्याखाली माझ्यासारख्या लोंबत्या मिशा काढल्या. मी ओरडलो. ती म्हणाली, "बाबा, हा पण बाबाच. नुसता उभा राहतो आणि फुसफुसतो." भाऊ हसून हसून टायरवर बसला. तेव्हापासून पंचक्रोशीत त्या पाइपाला 'ट्रकचा बाबा' म्हणतात.

मुलगी मोठी झाली, नर्स झाली, चिंचपाड्याकडच्या एका मुलाशी तिचं जमलं. मे महिन्यात लग्न ठरलं. आणि इथूनच माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

ट्रक धूर ओकत होता. साधासुधा नाही, काळाकुट्ट. वरातीच्या सुरुवातीला ठीक असायचा, पण जसजशी वरात पुढे जाई तसतसा सायलेन्सरमधून असा लोट निघायचा की मागच्या रांगेतली माणसं शेवटी कोळशाच्या भट्टीतून आल्यासारखी दिसायची. सायलेन्सर वर का नाही काढला, असं विचाराल. काढला होता. वर गाणारा असतो. तो बिचारा अर्धं गाणं गायला आणि अर्धं खोकला, आणि लोकांना वाटलं ही नवीन चाल आहे.

साखरपुड्याला मुलाची आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, "नवरी पांढऱ्या साडीत असणार. तुमच्या ट्रकामागं चालली तर मांडवात पोचेपर्यंत काळी होईल. आम्ही गुजरातचा बँड सांगतो, नवा ट्रक आहे त्यांचा." बोलली ते खोटं नव्हतं, म्हणून जास्त झोंबलं. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात बायकोनं माझ्या पायावर पाय दिला.

घरी आल्यावर मुलगी म्हणाली, "मला दुसरा ट्रक नको. मी ह्याच ट्रकावर खेळून मोठी झाले. माझी वरात आपल्याच ट्रकामागं निघेल. पण बाबा, साडी पांढरी राहिली पाहिजे."

"राहील."

"नक्की?"

"बापाचा शब्द आहे!" असं मी छातीवर हात मारून बोललो. बोलून तर बसलो, आता करायचं काय ते मला ठाऊक नव्हतं.

डिझेल इंजिनाचं गणित तसं सोपं आहे. डिझेल आणि हवा यांचा मेळ बसला पाहिजे. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. चुलीत लाकडं कोंबली आणि फुंकर मारली नाही तर काय होतं, तेच. म्हणून मी आधी डिझेलच्या मागे लागलो. नोझल काढून तपासले. पंप खोलून थेट नंदुरबारला पंपवाल्याकडे घेऊन गेलो. हा माणूस अहिराणी बोलतो आणि माझ्याएवढाच तापट आहे, म्हणून आमचं जमतं. त्यानं पंप मशीनवर लावला, फिरवला, आणि माझ्याकडे असं पाहिलं जसं काही मी त्याच्या पोराला नापास म्हटलं होतं.

"पंप बराबर शे," तो म्हणाला. "मन्हा पंपले नावं ठेवू नको. हवा देख, हवा!"

"पाह्यली हवा. फिल्टर नवा कोरा आहे."

"मंग तुन्हा डोकामा धूर शे," म्हणाला आणि चहा मागवला.

पंप आणून बसवला. आता नीट चाचणी घ्यायची म्हणून दुपारी भर उन्हात ट्रक रस्त्यावर काढला. सगळे स्पीकर लावले, कारण इंजिनावर पूर्ण भार पडला पाहिजे. भाऊ माणसाच्या चालीनं ट्रक चालवतोय, मी ड्रायव्हरकडचं बोनेट उघडं ठेवून हातात पेचकस घेऊन शेजारी चालतोय, नजर सायलेन्सरवर. धूर नाही! स्वच्छ! मी वळून पाहिलं तर मागे सगळा पाडा नाचत येत होता. कुणी पाट्यावरचं वाटण तसंच सोडून आलेलं, कुणाच्या हातात कोयता. एका म्हातारीनं मला विचारलं, "लगीन कोणाचं?" मी म्हटलं, "कोणाचं नाही, इंजिन तपासतोय." ती म्हणाली, "बरं बरं," आणि परत रांगेत शिरली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आम्हाला ट्रक बंद करता आला नाही. लग्नाशिवाय झालेली एवढी चांगली वरात मी दुसरी पाहिली नाही.

मी खूश. बायकोला म्हटलं, "झालं काम." पुढच्या लग्नाला गेलो आणि ट्रकनं पुन्हा तोंड काळं केलं. सुरुवातीला स्वच्छ, मग राखाडी, मग काळाभोर. बायको म्हणाली, "घरी गुणाचा आणि लोकांत वंगाळ. तुझ्यावरच गेलाय."

मला असा राग आला की मी तिथल्या तिथं डिझेल कमी केलं. स्क्रू एवढा पिळला की धूर गेला खरा, पण त्याबरोबर इंजिनाचा जीवही गेला. चढ आला, डायनामोचा भार, वर ट्रकचा भार, इंजिन धापा टाकायला लागलं आणि विजेचा जोर कमी पडला. गाणाऱ्याचा आवाज आधी बसला, मग माइकच गेला, आणि तो बिचारा नुसता तोंड हलवत राहिला. नाचणारे पाय हवेत ठेवून थांबले. एक पोरगी ओरडली, "काका, बॅटरी खाल्ली का?" मी स्क्रू परत उलटा फिरवला. गाणं आलं, धूरही आला. डिझेल दिलं की धूर, काढलं की गाणं बंद. मधला रस्ता सापडत नव्हता आणि लग्न जवळ येत होतं.

एक गोष्ट मात्र धुरामुळे बरी होत होती, तीही सांगतो. वरात संपून नवरीनं नवऱ्याच्या दारात पाऊल टाकलं, तिची आई रडायला लागली, की माझ्याही डोळ्यांना पाणी येतं. दर वेळी! लोकांच्या मुली, मला ना ओळख ना पाळख. आणि एवढा मिशाळ माणूस रडताना बरा दिसत नाही. मग मी म्हणायचो, "धूर गेला डोळ्यांत." धूर एवढा असायचा की कुणी शंका घेत नसे. बोनेटमध्ये डोकं घातलं की उरलेलंही झाकलं जायचं.

मुलगी सुट्टीवर आली तेव्हा मी अंगणात पंपाशी झटापट करत होतो. ती बाजूला येऊन बसली, म्हणाली, "बाबा, पेशंट घरी बरा असतो आणि लग्नातच आजारी पडतो ना?"

"हो."

"मग घरी कशाला तपासता? लग्नात बघा, तिथं त्याला काय होतं ते."

"लग्नात मी काय डोळे मिटून असतो का?"

"नाही. बोनेटमध्ये डोकं घालून असता."

मी तिला उठून जा म्हणालो. पण म्हणणं डोक्यात राहिलं.

पुढचं लग्न लांब होतं, धानोऱ्याकडे. तिकडच्या वराती मोठ्या आणि मानपान त्याहून मोठा. आमच्याकडे लग्नात मान द्यायचा तर टॉवेल-टोपी देतात. मामाला, पाटलाला, व्याह्याला. आमच्या ट्रकलाही देतात. वरात ज्या घरासमोर थांबते त्या घरचं माणूस पुढे येतं आणि ट्रकला टॉवेल बांधतं. ट्रकला बांधायचा म्हणजे कुठं? तर बाबाला. डोळे आहेत, मिशा आहेत, गळा आहे. माणूस दिसला की त्याच्या गळ्यात टॉवेल घालायचा, यात विचार काय करायचा. आमच्या घरात कित्येक वर्षं टॉवेल विकत आणलेला नाही. वरात संपली की भाऊ पहिलं काम तेच करतो, टॉवेल सोडून घड्या घालून सीटमागे ठेवतो, आणि मग आम्ही इंजिन तपासायला लागतो.

तर त्या दिवशी ऊन मरणाचं होतं. वरात निम्मी झाली, धूर काळा सुरू झाला. मी नेहमीसारखा ड्रायव्हरच्या बाजूला पेचकस घेऊन घामाघूम. इतक्यात धूर पातळ झाला. पातळ होत होत नाहीसा झाला! मी नुकताच स्क्रू पाव फेरा फिरवला होता. मी ओरडलो, "जमलं! जमलं रे!" भावानं केबिनमधून हात जोडले. मी तर पेचकस हवेत नाचवत मागच्या रांगेत शिरलो, जन्मात पहिल्यांदा वरातीत नाचलो.

नाचता नाचता ट्रकच्या दुसऱ्या अंगाला आलो. नवरदेवाचा मामा तिथं चालत होता, नाचून नाचून घामानं निथळलेला. त्यानं बाबाच्या गळ्यातले टॉवेल काढून घेतले होते आणि तोंड, मान, पाठ सगळं पुसत होता. बाकीच्या मामेमंडळींनीही एकेक घेतला होता. पुसून झाल्यावर मामाला आठवलं की हा मानाचा टॉवेल. त्यानं तो नीट पिळला, कपाळाला लावला आणि परत बाबाच्या गळ्यात बांधला. बाकीच्यांनीही बांधले. ओलेच.

सायलेन्सरमधून काळा लोट निघाला.

मी जागच्या जागी उभा राहिलो. मग चालत्या ट्रकच्या पायरीवर चढलो आणि टॉवेल काढले. धूर गेला. परत बांधले. धूर आला. काढले, गेला. मामा म्हणाला, "भाऊ, आम्ही दिलेला मान का काढी ऱ्हायना?" मी पायरीवर बसून एवढा हसलो की वरचा गाणारा गाणं थांबवून खाली वाकला. म्हटलं, अरे, आम्ही एवढे दिवस डिझेलला मारतोय आणि इथं सगळं गाव मिळून प्रेमानं इंजिनाचं नाक दाबतंय! जितका मान मोठा तितका धूर काळा. पाड्यावरच्या चाचणीत धूर नव्हता, कारण तिथं कुणाचं लगीनच नव्हतं, टॉवेल कोण बांधणार?

पंपवाल्याला फोन केला. तो पलीकडून इतका वेळ हसला की मला फोन ठेवावा लागला. मी पंपाचं सेटिंग पुन्हा पहिल्यासारखं केलं, आणि ते अगदी बरोबर होतं, पहिल्या दिवसापासून.

पण रोग कळला म्हणून औषध मिळतं असं नाही. माझ्याच मुलीच्या लग्नात टॉवेल सगळ्यात जास्त येणार होते. भाऊ म्हणाला, पाइपाला जाळी मारू. बायको भडकली. "मान घेऊन आलेल्या माणसाला जाळी दाखवणार? सोयरे काय म्हणतील?" तेही खरं. मान नाकारला तर आमच्याकडे बोलचाल बंद होते. आम्ही दोघं असे भांडलो की शेजारीण मध्ये पडायला आली आणि तिचंही मत देऊन गेली.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी उठून पाहतो तर मुलगी ट्रकवर. हातावर मेंदी, केसांना तेल, आणि हातात थिनरनं भिजवलेली चिंधी. तिनं बाबाचे डोळे पुसले, मिशा पुसल्या. नुसता लोखंडी पाइप राहिला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

"हे काय केलंस?"

"बाबाची ड्युटी संपली," ती म्हणाली. "आज मान त्याला नाही. क्लिनरच्या पायरीवर तुम्ही उभे राहायचं. ज्याला टॉवेल बांधायचा त्यानं तुम्हाला बांधायचा. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय."

"मला इंजिनाजवळ राहावं लागेल."

"इंजिनाला काय झालंय?"

काही झालं नव्हतं. ती खाली उतरून अंघोळीला गेली.

चर्चमधून लग्न लावून निघालो. ती पांढऱ्या साडीत, नवरा कोटात, आणि पुढे आमचा ट्रक. मी क्लिनरच्या पायरीवर, एका हातानं दांडा धरून, विजेच्या खांबासारखा उभा. पहिल्या घरापाशी माझा चुलता आला. त्यानं ट्रकच्या पाइपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि टॉवेल माझ्या गळ्यात घातला. "तुला मान द्यायचा राहिलाच होता रे," म्हणाला. "दर लग्नात तू असतोस, पण दिसत नाहीस." मग घरामागून घर. पिवळे, हिरवे, गुलाबी टॉवेल. डोक्यावर टोप्या एकावर एक. उन्हात मी उकडत होतो आणि वरून गाणारा माझ्या नावानं काहीतरी चावट जोडून गात होता. मी त्याला पेचकस दाखवला, तर त्यानं तेही गाण्यात घातलं.

चढ आला. मी मागे पाहिलं. सायलेन्सरच्या तोंडाशी नुसती हवा थरथरत होती, उन्हात थरथरते तशी. सगळे स्पीकर पूर्ण आवाजात, ट्रक चढावर, आणि धुराचा पत्ता नाही. इंजिनाचा आवाज असा गोल, असा भरलेला, की मला वाटलं हे मी आजपर्यंत कधी ऐकलंच नव्हतं. मुलाची आत्या नाचत माझ्याजवळ आली. तिच्या हातातही टॉवेल होता. "गुजरातचा बँड कशाला पाहिजे," म्हणाली आणि माझ्या गळ्यात टाकला. मी म्हटलं, "बाई, गळा उरला नाही." ती म्हणाली, "मग डोक्याला बांधते," आणि बांधलाच.

नवऱ्याच्या अंगणात पोचलो. भावानं ट्रक थांबवला, गाणं थांबलं. मुलगी मागच्या रांगांमधून पुढे आली. साडी पांढरीशुभ्र होती, फक्त काठाला रस्त्याची लाल माती. तिच्या हातात एक टॉवेल होता, साधा पांढरा. शेवटचा मान नवरीच्या हातचा असतो. आजवर तो बाबाला जायचा. मी पायरीवरून उतरलो. तिनं माझ्या गळ्यातले चार-दोन बाजूला सारून जागा केली आणि आपला बांधला. बांधताना तिनं माझ्या मिशा सरळ केल्या, लहानपणी करायची तशा.

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मी सवयीनं तोंड उघडलं, "धूर..." आणि थांबलो.

सगळे माझ्याकडे बघत होते. बायको पदर तोंडाला लावून उभी होती, रडत होती की हसत होती ते कळेना.

मुलगी सायलेन्सरकडे बघून माझ्याकडे वळली. "कुठला धूर, बाबा?" म्हणाली.

मग मी रडलो, अगदी मोठ्यानं, सगळ्या गावासमोर. पुसायला टॉवेल भरपूर होते.